लाल चिकाचं झाड

"झाडाखाली माणूस आहे," फोनवरची बाई म्हणाली. "मेलेला आहे. तुम्ही याल तेव्हा आमच्यावरच नाव येणार, म्हणून मीच आधी सांगते."

"कोण बोलतंय?" फौजदारबाईंनी विचारलं.

"वरच्या वाडीची थोरली. माणूस वनरक्षक आहे. खालचं गाव उठायच्या आत या. नाहीतर आणखी माणसं मोजावी लागतील तुम्हाला."

फोन बंद झाला.

जीपमध्ये हवालदारानं सगळं थोडक्यात सांगितलं. त्या भागात त्याची बरीच नोकरी झाली होती. फौजदारबाई नव्या होत्या.

"वर वाडी, खाली गाव, मधे जंगल. वाडीला चराई हवी, सरपण हवं. गावाला झऱ्याचं पाणी हवं. गुरं झऱ्यात उतरली की गावाचं पाणी गढूळ. गावानं कुंपण घालून झरा अडवला की वाडीची गुरं उपाशी, तहानलेली. दोघंही खरं बोलतात, हीच पंचाईत आहे, मॅडम."

"आणि तिसरा कोण?"

"तिसरा मिलवाला. दोघं भांडत असतात तोवर त्याची झाडं पडत राहतात. गाव म्हणतं वाडीनं तोडली, वाडी म्हणते गावानं. तो ऐकतो आणि फळ्या विकतो."

"मारामारी कधी झाली होती?"

"तीन वर्षांपूर्वी. कुंपणावरून. दोन्हीकडून दगड, गोफणी. मधलं गवत पेटवलेलं, धुराचा नुसता लोट. गावातला एक पोरगा गेला. थोरलीच्या मुलाला जन्मठेप झाली." हवालदारानं घड्याळाकडे पाहिलं. "आज तह होता, मॅडम. दोन वर्षं खपून एका मध्यस्थानं जुळवलेला. आज सह्या."

---

जंगलाच्या मधोमध, पायवाटेला लागून ते झाड आडवं झालं होतं. फार मोठं नव्हतं, खोड मांडीएवढं. त्याच्या खाली वनरक्षक उताणा पडला होता. खोड छातीवर होतं. डोळे उघडे होते.

बुंध्यातून लाल चीक गळत होता. त्या जातीच्या झाडाला कापलं की असाच चीक येतो. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, रक्त झाडाचंच सांडलं आहे.

बुंध्याशेजारी कुऱ्हाड पडली होती. दांड्यावर वाडीची खूण कोरलेली. दांड्याच्या टोकाला सुतळीची एक गाठ राहिली होती, पुढची सुतळी तोडलेली.

वाडीचा कारभार पाहणारी थोरली जरा बाजूला उभी होती. साठीची, उंच, हात बांधलेले.

"कुऱ्हाड कुणाची?" फौजदारबाईंनी विचारलं.

"आमची. खूण दिसतेच आहे."

"मग?"

"मग काय? आम्ही झाड चोरून तोडत होतो, तो आडवा आला, आम्ही झाड त्याच्यावर लोटलं. असंच लिहाल ना?"

"मी अजून काहीच लिहिलेलं नाही."

थोरलीनं पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. "वाडी इथून हाकेच्या अंतरावर आहे, बाई. कुऱ्हाडीचा घाव पडला की भांड्यावर भांडं आपटल्यासारखं ऐकू येतं. काल संध्याकाळी आम्ही सगळे अंगणात होतो. एकदा काहीतरी मोडून पडल्याचा आवाज आला, वाटलं वाळकी फांदी असेल. पण कुऱ्हाडीचा एक घाव ऐकला नाही."

फौजदारबाई बुंध्याजवळ बसल्या. कडेनं कुऱ्हाडीचे ओरखडे होते, पण वरवरचे. बुंध्याच्या एका बाजूला कमरेएवढी उंच चिरफळी उभी राहिली होती. पडता पडता झाड उभं फाटलं होतं. त्यांनी पाचोळा हातानं बाजूला सारला. खाली पिठासारखा बारीक भुसा होता. ओलसर, लालसर. त्यांनी चारी बाजूंनी पाचोळा उकरला. बराच वेळ.

"काय शोधताय, मॅडम?"

"जे नाही ते."

मग त्यांनी मृताचं डोकं हळूच उचललं. मागची बाजू फुटली होती. खालची पानं रक्त थिजून काळी पडली होती. छाती मात्र खोडाखाली चेपली होती, तरी तिथं रक्ताचा टिपूस नव्हता. छाती चेपली तेव्हा रक्त वाहणं आधीच थांबलेलं होतं.

तेवढ्यात खालून आरडाओरडा ऐकू आला. गाव उठलं होतं. दहाबारा माणसं काठ्या घेऊन चढत होती. त्यांच्यापुढे हात पसरून, उलटं चालत, एक जाडजूड माणूस त्यांना थोपवत येत होता.

"कायदा हातात घ्यायचा नाही! पोलीस आलेत. मी सांगतोय ना!"

"हा कोण?"

"सुतारमामा," हवालदार म्हणाला. "तीन वर्षांपूर्वी गेलेल्या त्या पोराचा सख्खा मामा. गावाचा शब्द आता यांच्याकडेच आहे. हे नसते तर तह झालाच नसता."

सुतारमामा जवळ आला. आडव्या झाडाकडे पाहून त्यानं डोळे मिटले.

"सह्यांच्या दिवशी," तो म्हणाला. "एक दिवस धीर धरवला नाही त्यांना." आणि थोरलीकडे न पाहता मागे वळून त्यानं गर्दीला पुन्हा खाली लोटलं.

---

मध्यस्थ सभागृहाच्या पायरीवर बसला होता. बारीक, चष्मेवाला. दाढी वाढलेली. आतमध्ये खुर्च्यांच्या दोन रांगा समोरासमोर मांडलेल्या होत्या आणि मधे एक नवाकोरा लाकडी मंच.

"दोन वर्षं," तो म्हणाला. "चराईच्या पाळ्या ठरल्या. झऱ्याला वरच्या बाजूनं पाणवठा काढायचा ठरला. झाडांची राखण दोघांनी मिळून करायची ठरली. थोरलीच्या मुलाच्या सुटकेच्या अर्जाला गावानं हरकत घ्यायची नाही, तेही ठरलं. त्या एका कलमाला आठ महिने गेले."

"कोपऱ्यात ते काय?"

कोपऱ्यात कुऱ्हाडी, कोयते, गोफणी यांचा ढीग होता. प्रत्येकाला सुतळी आणि पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला.

"दोन्हीकडची हत्यारं. सह्या होईपर्यंत इथं जमा करायची, अशी माझीच कल्पना. विश्वास वाढावा म्हणून." तो कडवट हसला. "वाडीनं सगळ्यात आधी आणून टाकली."

"किल्ली कुणाकडे?"

"माझ्याकडे. काल दुपारनंतर मामाकडे होती. मंच त्यानंच केला, खुर्च्याही त्यानंच मांडल्या. रात्री जेवताना परत दिली."

"मधे आणखी कुणी आत गेलं असेल?"

"दार उघडंच असेल की काम चालू असताना. कुणीही."

फौजदारबाईंनी मान हलवली. "वनरक्षकाशी शेवटचं बोलणं कधी झालं?"

"काल सकाळी. म्हणाला, सह्यांच्या आधी मला बोलायचंय. सगळ्यांसमोर. मी विचारलं, काय? म्हणाला, तिथंच सांगीन."

"हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"थोरलीला सांगितलं. आणि मामाला, मंचावर एक खुर्ची जास्त ठेव म्हणून. बाकी कुणाला नाही. उगाच कुजबुज नको होती."

---

मिलवाला आपल्या आवारात ओंडक्यावर पाय टाकून बसला होता. त्याला घाम फुटला होता आणि तो लपवायची त्याला गरज वाटत नव्हती.

"मला माहितीये तुम्ही का आलात," तो म्हणाला. "तह झाला की राखण लागणार, राखण लागली की माझा धंदा बसणार. म्हणून मीच मारला. सरळ हिशोब आहे."

"चुकीचा आहे का?"

"कारण बरोबर आहे, माणूस चुकीचा आहे. ते झाड पाहिलंत ना? मी पाहून आलो. बाई, मी पन्नास वर्षांचा आहे आणि हजारो झाडं पाडली आहेत. काही चोरून, लिहून घ्या हवं तर. पण असं झाड माझा सगळ्यात मठ्ठ गडीसुद्धा पाडणार नाही."

"असं म्हणजे?"

"ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूला आधी खाच घ्यायची असते. मग मागून कापायचं. खाच घेतली नाही तर झाड उभं फाटतं, उसळतं, कापणाऱ्याचाच जीव घेतं. तो बुंधा फाटलाय. ज्यानं पाडलं तो नशिबानं वाचला."

"वाडीतल्या लोकांना हे माहीत असतं?"

"त्यांच्या पोरांनाही माहीत असतं. गावातल्या निम्म्या घरांना माहीत आहे. ज्यांनी माझ्याकडे काम केलंय त्या सगळ्यांना."

"काल संध्याकाळी कुठे होता?"

"इथंच. करवती चालू होत्या. पंधरा माणसं सांगतील." मग ओंडक्यावरून पाय काढून तो म्हणाला, "वनरक्षकाला मी दोनदा पैसे देऊ केले होते. घेतले नाहीत. त्याला मारण्यापेक्षा त्याच्या निवृत्तीची वाट पाहणं मला स्वस्त होतं. पुढच्याच वर्षी होती."

बाहेर आल्यावर हवालदार म्हणाला, "इतका नालायक माणूस इतकं खरं बोलतो, मॅडम."

---

सुतारमामाची कार्यशाळा गावाच्या टोकाला होती. त्याच घरात त्याची मोठी बहीण राहायची. गाव तिला अक्का म्हणत असे. मारामारीत गेलेला मुलगा तिचा एकुलता एक. नवरा कधीच गेलेला. भावानंच तिला आणि भाच्याला सांभाळलं होतं.

भिंतीवर हत्यारं ओळीनं टांगलेली होती. रंधे, पटाशा, करवती. सगळ्यांवर लाकडाच्या धुळीचा थर होता. फक्त एक करवत तेल लावून चकचकीत पुसलेली होती.

"काल दुपारनंतर काय केलंत, मामा?"

"सभागृहात होतो. मंच ठोकला. खुर्च्या लावल्या."

"एकटेच?"

"एकटाच. गावातली पोरं अजून वाडीच्या लोकांसाठी खुर्ची उचलायला तयार नाहीत. म्हटलं, जाऊ दे, आपणच लावू."

"ही करवत मंचासाठी वापरली?"

"हो."

"मंचाच्या फळ्या कसल्या?"

"जुन्याच. वाळलेल्या. घरात पडून होत्या." त्यानं त्यांच्या नजरेच्या रोखानं करवतीकडे पाहिलं. "हत्यार वापरलं की तेल लावून ठेवायचं असतं, बाई. माझ्या वडिलांची शिस्त."

बाकीच्या करवतींवरची धूळ फौजदारबाईंनी पाहिली आणि पुढे विचारलं, "वनरक्षक आज काय बोलणार होता?"

"मला काय माहीत? तो बोलणार होता हेच तुमच्याकडून ऐकतोय."

"तीन वर्षांपूर्वी मारामारीच्या दिवशी तुम्ही कुठे होता?"

मामाचा चेहरा उतरला. "मागे. सगळ्यांच्या मागे. पोरांना आवरत होतो. वय झालेलं माणूस पुढे जाऊन काय करणार?"

"आणि वनरक्षक?"

"टेहळणीच्या मनोऱ्यावर. पण कोर्टात त्यानं सांगितलंय, धुरात काही दिसलं नाही म्हणून."

आतल्या दारात अक्का येऊन उभी राहिली होती. वाळलेली, ताठ.

"दिसलं नाही म्हणाला," ती म्हणाली, "कारण वाडीला घाबरला. आम्हाला विचारा. माझा मुलगा सगळ्यात पुढे होता. त्याच्यापुढे कुणी नव्हतं. एक पाऊल मागे घेतलं नाही त्यानं, एकदा मान वळवली नाही. सगळं गाव सांगेल. आणि त्या भेकडांनी त्याला मागून मारलं. डोक्याच्या मागे दगड बसला. मी स्वतः धुतलंय ते डोकं."

"अक्का, आत जा तू," मामा हळूच म्हणाला. "पुरे झालं."

"का जाऊ? तह तुम्ही करा. त्या बाईच्या मुलाला सोडवा. मी अडवलं नाही. पण विसरायला मला सांगू नका."

फौजदारबाई जागच्या जागी थांबल्या होत्या. मग हवालदाराकडे वळून म्हणाल्या, "ही करवत कागदात गुंडाळून घ्या. पावती द्या मामांना."

"करवत कशाला?" मामानं विचारलं.

"वापरलेली आहे म्हणून."

---

दुपारी फौजदारबाईंनी दोन्हीकडच्या लोकांना सभागृहात बोलावलं. मध्यस्थ नको म्हणत होता. हवालदारानं आणखी दोन गाड्या मागवल्या होत्या. तरीही लोक आले. एका रांगेत वाडी, समोर गाव. मधे मंचावर रिकाम्या खुर्च्या. मिलवाला दाराजवळ उभा राहिला.

"झाड कुऱ्हाडीनं पडलेलं नाही," फौजदारबाईंनी बसायच्या आधीच सुरुवात केली. "कुऱ्हाडीनं झाड तोडलं की टोपलीभर ढलप्या पडतात. मी हातानं सगळा पाचोळा उकरला. एक ढलपी नाही. होता तो बारीक भुसा, पानांखाली ढकललेला. झाड करवतीनं कापलं. करवत हळू कापते, आवाज करत नाही, म्हणून वाडीला घाव ऐकू आले नाहीत. कुऱ्हाडीचे ओरखडे नंतर, घाव न घालता, घासून काढले."

गावाच्या रांगेत चुळबुळ झाली.

"आणि झाडानं माणूस मेलेला नाही. आधी त्याचं डोकं मागून फोडलं. मेल्यावर झाड त्याच्यावर पाडलं. का? तर वाडीवाले चोरून झाड तोडत होते आणि त्यांनी त्याला मारलं, असं दिसावं म्हणून. कुऱ्हाड वाडीची. पण वाडीची कुऱ्हाड काल वाडीत नव्हती." त्यांनी कोपऱ्यातल्या ढिगाकडे हात केला. "इथं होती. दांड्याला इथल्या सुतळीची गाठ अजून आहे. पुठ्ठ्याची चिठ्ठी घाईनं तोडली, गाठ राहिली. भरवसा म्हणून जी कुऱ्हाड आणून दिली, तीच उचलली."

"किल्ली या मध्यस्थाकडे असते!" गावातून कुणीतरी ओरडलं.

"काल दुपारनंतर नव्हती. पण दार उघडं होतं, तेव्हा नुसत्या किल्लीवर मी बोलणार नाही. बुंध्यावर बोलते. कापताना खाच घेतलेली नाही. झाड उभं फाटलंय. झाड पाडणारा कुणीही असं करत नाही. मिलवाला नाही, वाडी नाही, मिलमध्ये राबलेला गावकरी नाही. मग हातात चांगली करवत असलेला, सरळ कापता येणारा, पण उभं झाड कधीच न पाडलेला माणूस कोण? ज्याच्याकडे लाकूड फळी होऊनच येतं. ज्याला लाकूड कळतं, झाड कळत नाही."

माना एकेक करून वळू लागल्या.

सुतारमामा समोर पाहत बसला होता.

"मामा, तुम्ही म्हणालात, वनरक्षक आज बोलणार हे तुम्हाला माहीत नव्हतं. मध्यस्थांनी तुम्हाला कालच सांगितलं होतं. म्हणूनच मंचावर एक खुर्ची जास्त आहे. ती तुम्हीच मांडलीत."

मध्यस्थानं चष्मा काढला.

"करवतीला तुम्ही तेल लावलंत. बाकीच्या सगळ्या धुळीत असताना ही एकच. पण मुठीच्या खिळ्यांच्या फटीत लाल चीक वाळून बसलाय. वाळलेल्या फळीतून चीक निघत नाही."

"कशासाठी मारीन मी त्याला?" मामाचा आवाज अगदी साधा होता. "तह मी घडवून आणला. सगळ्यांना विचारा."

"मलाही तेच कळत नव्हतं. मग अक्कांनी सांगितलं."

अक्का दचकली. "मी? मी काय सांगितलं?"

फौजदारबाई तिच्याकडे वळल्या. आवाज खाली आला. "तुमचा मुलगा सगळ्यात पुढे होता. वाडीकडे तोंड करून. एकदाही मान वळवली नाही. आणि दगड डोक्याच्या मागे बसला."

"हो. मागून मारलं त्यांनी."

"अक्का, त्याच्या मागे वाडी नव्हती. त्याच्या मागे तुमचंच गाव होतं."

तीन वर्षं सगळं गाव ते वाक्य म्हणत आलं होतं. सभेत, कोर्टात, चुलीपाशी. ऐकलं कुणीच नव्हतं.

"धुरात कुणाच्या हातून कोणता दगड सुटला, खाली कुणाला दिसलं नाही. मनोऱ्यावरच्या एका माणसाला दिसलं. तो तेव्हा गप्प बसला. आज बोलणार होता. ते बोलणं ज्याला परवडणार नव्हतं, त्यानं त्याला काल गाठलं."

मामानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मोठे, गाठीगाठींचे हात.

"गोफण फिरवली आणि ठेच लागली मला," तो म्हणाला. कुणाकडेच न बघता. "दगड खाली गेला. मी तो जाताना बघितला. अजून बघतो."

"मामा!" गावातला एक जण उठला. मग तसाच खाली बसला.

"त्या रात्री वनरक्षकाकडे जाऊन पाय धरले त्याचे. म्हटलं, अक्काला कळलं तर ती उभी जळेल. तो म्हणाला, बरं. तेव्हा वाटलं, भांडणच आहे, कुणाचं ना कुणाचं नाव येणारच. मग आठ जणांनी थोरलीच्या मुलाचं नाव घेतलं. मी घेतलं नाही. पण नाहीही म्हणालो नाही."

"आणि तह?" फौजदारबाईंनी विचारलं.

"त्या मुलाला सोडवायला दुसरा रस्ता नव्हता, बाई. खरं न सांगता सोडवायचा होता. म्हणून तर दोन वर्षं गावाशी भांडलो. तो सुटला असता, झरा दोघांना खुला झाला असता, अक्का शांत मेली असती. सगळं होत आलं होतं. आणि वनरक्षक म्हणाला, खोट्यावर तह टिकत नाही. मी म्हटलं, टिकतो रे. जगात दुसऱ्या कशावर टिकलाय? ऐकेना. झाडं चोरीला जातायत, दाखवतो चल म्हणून वर नेलं."

"करवत घेऊन."

"करवत घेऊन," मामानं मान डोलावली. "हो. घरातूनच ठरवून निघालो होतो. तेवढं खोटं नाही बोलणार."

हवालदार पुढे झाला. मामा स्वतःच उठला.

अक्का त्याच्या वाटेत उभी होती. सगळ्यांना वाटलं, ती त्याला मारेल. तिनं हातही उचलला नाही. ती फौजदारबाईंकडे पाहत होती.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं शोधायला?" ती म्हणाली. "पोरगा गेला. आता भाऊ गेला. थोरलीचं तोंड आठवून मी रोज सकाळी उठत होते. तीन वर्षं त्यावर जगले. तुम्ही माझा वैरीसुद्धा शिल्लक ठेवला नाहीत."



हवालदारानं मामाला बाहेर नेलं. मग मध्यस्थानं तहाचे कागद मंचावर ठेवले. "थोरली," तो म्हणाला, "ज्या मरणावरून वैर होतं, त्याचं खरं आता कळलं. खरं तर आता सही करायला—"

"आधी माझा मुलगा," थोरली म्हणाली. "मग कागद."

"सुटकेला वेळ लागेल. कोर्टाचं काम आहे. तोवर चराई, पाणी—"

"त्याला आत टाकायला किती वेळ लागला होता? आठ माणसांनी एका दुपारी टाकला. ती आठही समोर बसली आहेत. मी त्यांच्याबरोबर राखण करू?"

"म्हणजे आम्ही मुद्दाम केलं?" समोरून एक जण उसळला. "आम्हाला वाटलं तसं सांगितलं. कुंपण कुणी तोडलं होतं आधी? तिथून सुरू झालं सगळं!"

"झरा कुणी अडवला होता?"

"आणि आमची जनावरं?"

दोन्ही रांगा उभ्या राहिल्या. कुऱ्हाडींच्या ढिगाकडे कुणाचा तरी पाय सरकला आणि पोलिसांनी साखळी धरून ढिगाकडे पाठ केली. मध्यस्थ कुणाला तरी खाली बसा म्हणत होता. दाराजवळची जागा रिकामी होती. मिलवाला मगाशीच निघून गेला होता. जंगलाला आता वनरक्षक नव्हता, तह नव्हता, आणि दिवस मावळायला अजून अवकाश होता.

---

आठवडा उलटल्यावर फौजदारबाई तुरुंगात गेल्या. कुणी सांगितलं नव्हतं. कागद पाठवला असता तरी चाललं असतं.

थोरलीचा मुलगा जाळीपलीकडे येऊन बसला. आईसारखाच उंच. केस कानांपाशी पांढरे झालेले, वय त्या मानानं कमी.

त्यांनी सगळं सांगितलं. मनोरा, गोफण, करवत. कोर्टात अर्ज गेला आहे हेही सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. वनरक्षक कसा मेला ते ऐकताना एकदाच त्यानं डोळे पुसले.

"थोडक्यात," फौजदारबाई म्हणाल्या, "तुम्ही तो दगड मारला नव्हता."

त्यानं वर पाहिलं.

"ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, बाई," तो म्हणाला. "नवीन काय ते सांगा. झरा खुला झाला का?"